अंशतः खरे आहे

पुंजाआप्पांचं ऑफिस रिकामं करायला दोन दिवस लागले.
शाली चाळीसएक. फेट्यांना डांबरगोळ्यांचा वास.
लोखंडी कपाटात, अगदी खालच्या खणात,
माझ्याच अक्षरातले तारांकित प्रश्न.

पहिला लिहिला तेव्हा मला सव्विसावं
आणि आप्पांची पहिलीच टर्म:
(१) वालदेवी नदीवरील फरशी पूल दर पावसाळ्यात
पाण्याखाली जातो, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, उंच पूल बांधण्याबाबत कोणती कार्यवाही केली?
(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर नागपूरला मिळालं, डिसेंबरात.
(१) हे अंशतः खरे आहे.
(२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

त्या रात्री आमदार निवासात
आप्पा संत्र्याच्या एकेका फोडीच्या शिरा काढत बसले.
"अंशतः म्हणजे किती रे, रंगनाथ?
माणसाच्या गुडघ्याएवढं, का म्हशीच्या?"

नाशकात सरकार पाणी क्युसेकमध्ये सांगतं,
लोक दुतोंड्या मारुतीवर मोजतात.
पायाला लागलं तर पोरंबाळं घेऊन बघायला जायचं,
कमरेला लागलं की भांडी बाजारानं माल माळ्यावर चढवायचा,
छातीला लागलं की सराफ बाजार रिकामा.

आप्पांची कारकीर्द मी तशीच मोजली.
पहिल्या टर्मला घोटा.
दुसऱ्या टर्मला कंबर: एक महामंडळ,
सात महिने लाल दिवा,
एका तिथीला अकरा लग्नं,
सकाळी गंगेवर दशक्रियेला दोन शब्द.
मयताचं नाव मी त्यांच्या तळहातावर लिहून द्यायचो.
घाम आला की आडनाव जायचं.

तिसऱ्या टर्मला रात्री बस आली, पडदे ओढलेली.
हॉटेलचं नाव पोचल्यावर कळलं.
तरणतलावाच्या काठी एकोणीस आमदार,
कुणीच पोहत नव्हतं.
आप्पांच्या बीपीच्या गोळ्या माझ्या खिशात,
त्यांचा फोन दुसऱ्याच कुणाच्या.
परतलो तर चौकातल्या फ्लेक्सवर
कोळशानं त्यांना आणखी एक तोंड काढलेलं,
बरंचसं हुबेहूब.
पोरं ओरडली, आप्पा, आता नदीतच उभे राहा.

सहाव्या दिवशी वालदेवीच्या पुलाला
प्रशासकीय मान्यता.
तेरा वर्षं, अकरा प्रश्न, एक बस.

आप्पा पुलासाठी गेले, हे खरे आहे काय?
मी दाराबाहेर होतो.
चहाचे कप घेऊन आत गेलो तेव्हा
पुलाचं बोलणं चाललं होतं.
कप उचलायला गेलो तेव्हा
पाथर्डी फाट्याजवळच्या जमिनीचं.

लोकांनी सहाशे चार मतांनी उत्तर दिलं.
कोनशिलेवर नव्या आमदारांचं नाव.
निमंत्रण आलं नाही. पत्ता सापडला नाही, म्हणाले,
ज्या घरावर वीस वर्षं
अर्ध्या तालुक्याच्या चपला निघाल्या.

आठवड्यानं संध्याकाळी
माझ्या स्कूटरवर मागे बसून आप्पा पूल बघायला आले.
दूधवाले चालले होते,
एका मोटारसायकलवर शाळेची चार पोरं.
कुणी हात केला, कुणी नुसता हॉर्न दिला.
आप्पांनी कठड्यावरून वाकून
बोटांवर काहीतरी मोजलं. परत मोजलं.
"मंजुरीत नऊ खांब होते. सातच आहेत.
लिहून घे: वालदेवी नदीवरील पुलाचे दोन खांब..."
आणि गप्प झाले.

खाली जुनी फरशी दिसत होती.
एक बाई तिच्यावर गोधडी आपटत होती,
वर न बघता.

तो कागद आज सापडला.
लेटरहेडवर "आमदार"च्या आधी पेनानं "माजी",
अक्षर स्कूटरच्या सीटवर लिहिल्यासारखं,
प्रश्न अर्धाच, खाली तारीख.

रद्दीवाला किलोला अठरा म्हणतोय.
शाली घेत नाही.
बाकी सगळं त्याच्या काट्यावर चढवलं,
हा एक कागद घडी करून खिशात ठेवला,
गोळ्या असायच्या त्याच.